नायकाची नीती आणि तिचे मालक

विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या सकाळच्या लोकल गाडीत शाळकरी मुलांच्या दप्तरांकडे सहज नजर टाकली, तरी एक गोष्ट ध्यानात येते. कोणाच्या दप्तरावर वटवाघळाचे चिन्ह असते, कोणाच्या पाठीवर लाल झूल मिरवणारा सुपरमॅन असतो, तर कोणाच्या डब्यावर जाळ्याला लोंबकळणारा कोळीमानव. या मुलांचे वडील आणि आजोबा त्यांच्या शाळकरी वयात ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या वेताळाची पारायणे करीत असत. निदान या एका बाबतीत तरी पिढ्यांमध्ये अंतर पडलेले नाही, असे समाधान त्यावरून कोणी मानील. ते समाधान फार टिकणारे नाही. ज्या गृहस्थाने लहानपणी १९७८ सालचा ‘सुपरमॅन’ पाहिला, तो २०१३ साली आपल्या मुलाला घेऊन ‘मॅन ऑफ स्टील’ पाहावयास गेला असेल, तर चित्रपटाच्या अखेरीस खचितच दचकला असेल. तेथे सुपरमॅन आपल्या शत्रूची मान स्वतःच्या हातांनी मोडतो. ‘हा आमचा सुपरमॅन नव्हे’ असे वडिलांना वाटावे आणि ‘सुपरमॅन असाच असतो’ असे मुलाने म्हणावे, यात नवल नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

चित्रकथेतल्या नायकाला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी नसते. त्याच्या मुखातून बोलणारा लेखक बदलला की त्याचे बरेवाईटही बदलते. हे का घडते, असे विचारले तर ‘काळ बदलला’ एवढे उत्तर देऊन सर्वसाधारणपणे विषय संपविण्यात येतो. हे उत्तर पुरेसे नाही. काळ कथा लिहीत नाही, माणसे लिहितात. त्या माणसांना कोणी तरी वेतन देते, कोणी तरी त्यांचे लेखन नापसंत करून परत पाठविते आणि कोणी तरी ते छापून विकते. तेव्हा नायकाच्या नीतीचा विचार करताना तो नायक कोणाच्या मालकीचा आहे, हा रुक्ष वाटणारा प्रश्न टाळून चालणार नाही.

एकशेतीस डॉलरचा व्यवहार

सुपरमॅन हा जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा मानसपुत्र. १९३८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली कथा आणि तिच्याबरोबर नायकावरील सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकले. त्या पहिल्या सुपरमॅनशी आजच्या वाचकाचा परिचय नाही, आणि तो करून घेण्याजोगा आहे. महामंदीने पोळलेल्या अमेरिकेतला तो नायक होता. पहिल्याच अंकात तो फाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या निरपराध स्त्रीला वाचवितो, बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवितो आणि लोकप्रतिनिधीला खिशात घालू पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात, सुरक्षिततेवर पैसा खर्च करण्यास नाखूश असलेल्या खाणमालकाला तो त्याच्याच खाणीत अडकवितो. आठव्या अंकात तो एक बकाल झोपडवस्ती जमीनदोस्त करतो. हेतू हा, की सरकारला तेथे राहण्याजोगी नवी घरे बांधणे भाग पडावे. तो कायद्याला जुमानीत नव्हता आणि पोलिसांना त्याची भीती वाटत असे. परंतु त्याच्या रागाचा रोख कोणावर आहे, याविषयी वाचकाला संशय नव्हता.

ही आठव्या अंकातली कथा वसई-विरारच्या रहिवाशाने वाचावी. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपारा परिसरात न्यायालयाच्या आदेशानुसार ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. कायद्याच्या दृष्टीने त्या पडणे अटळ होते. परंतु आयुष्याची पुंजी घालून तेथे खोली घेतलेली कुटुंबे बेघर झाली. पाडकाम आणि निवारा यांचा हा तिढा १९३९ च्या एका बालवाङ्मयातल्या नायकाला सुचला होता, आज त्याच नायकाच्या चित्रपटांतून तो औषधालाही सापडत नाही. आजचा सुपरमॅन परग्रहावरील सैन्याशी लढतो. त्या लढाईत शहरेच्या शहरे कोसळतात, पण त्यांत राहणाऱ्यांच्या घरभाड्याचा आणि कर्जाचा प्रश्न निघत नाही.

हा बदल केव्हा झाला? सुपरमॅनला आकाशवाणीवर जागा मिळाली, वृत्तपत्रांतून त्याची चित्रमालिका येऊ लागली, त्याच्या नावाने खेळणी विकली जाऊ लागली, त्याच सुमारास खाणमालक आणि घरमालक त्याच्या कथांतून मागे पडले. त्यांची जागा बँकलुटारूंनी आणि माथेफिरू शास्त्रज्ञांनी घेतली. महायुद्धाच्या काळात तर तो राष्ट्राच्या पराक्रमाचे प्रतीक झाला. नायक एका मासिकापुरता होता तोवर त्याला काहींचा शत्रू असणे परवडत होते. घराघरात विकला जाणारा माल झाल्यावर त्याला सर्वांचा मित्र होणे भाग पडले. त्याचे जनक मात्र पगारी नोकरच राहिले. हक्कांसाठी ते १९४७ साली न्यायालयात गेले आणि त्यापायी कामही गमावून बसले. पुढे १९७५ साली, लोकमताच्या रेट्यामुळे, त्यांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत स्थान मिळाले. ज्या नायकाने मालकांना जाब विचारण्यापासून सुरुवात केली, त्याच्याच निर्मात्यांची ही कथा आहे.

नियमाचे व्रत होते तेव्हा

एवढ्यावरून ‘मालकी आली की नीती गेली’ असा सोपा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. बॅटमॅनचा इतिहास याच्या अगदी उलट दिशेचा आहे. बिल फिंगर आणि बॉब केन यांच्या १९३९ मधल्या पहिल्या कथेत एक गुन्हेगार बॅटमॅनच्या ठोशाने आम्लाच्या टाकीत पडून मरतो, आणि नायकाला त्याचे काडीइतके दुःख होत नाही. १९४० साली तो विमानातून मशीनगन चालवितानाही दिसतो. त्यानंतर प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने नियम घालून दिला की नायक कोणाचाही प्राण घेणार नाही. नियमामागे पालकांच्या नाराजीचे भय होते, म्हणजेच धंद्याचा हिशेब होता. आज पन्नाशीतले वाचक ज्या गुणाला बॅटमॅनचा आत्मा समजतात, तो मुळात कार्यालयीन आदेश होता.

परंतु पुढे काय घडले, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याच पात्रावर काम करणाऱ्या लेखकांनी या आदेशाला पात्राच्या आयुष्यात मुळे शोधून दिली. ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत आईवडिलांना पिस्तुलाने ठार करण्यात आले, तो मोठा होऊन पिस्तुलाला हात कसा लावील? बाहेरून आलेला नियम अशा रीतीने आतून आलेले व्रत झाला. लेखकाचे सामर्थ्य यातच असते. पगारी असला तरी तो केवळ हुकमाचा ताबेदार नसतो. मालकाने घातलेल्या कुंपणातसुद्धा तो झाड लावू शकतो.

कुंपण फारच आवळले की झाड खुरटते, हेही तितकेच खरे. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडाली. चित्रकथांमुळे मुले गुन्हेगार होतात, असा त्यांचा आरोप होता. सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली. दर वेळी सुष्टाचा जय व्हावा, पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होऊ नये, अशी बंधने तीत होती. १९३८ चा सुपरमॅन या संहितेत बसलाच नसता. १९७१ साली तर विलक्षण प्रसंग ओढवला. मुलांना अमली पदार्थांपासून सावध करणारी कथा लिहावी, अशी विनंती अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने ‘स्पायडरमॅन’चे संपादक स्टॅन ली यांना केली. संहितेत अमली पदार्थांच्या उल्लेखालाच बंदी असल्यामुळे त्या कथेला संमतीचा शिक्का नाकारण्यात आला. ली यांनी शिक्क्यावाचून अंक काढले आणि त्याच वर्षी संहिता शिथिल करावी लागली. नीतीच्या रक्षणासाठी केलेला नियम नीतीच्या आड आला, तेव्हा एका संपादकाच्या धाष्टर्याने वाट मोकळी केली.

पन्नास सेंटांचे मतदान

मालक आणि संहिता यांच्याइतकाच तिसराही एक पक्ष नायकाच्या नीतीवर हक्क सांगतो. तो म्हणजे ग्राहक. बॅटमॅनचा दुसरा बालसहकारी जेसन टॉड याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८३ मध्ये अवतरलेला जेसन हा सर्कशीतल्या कसरतपटूंचा सालस मुलगा होता. काही वर्षांतच मालिकेची मांडणी नव्याने करण्यात आली आणि नव्या लेखकाने त्याला मोटारीची चाके चोरणारे रस्त्यावरचे पोर बनविले. त्यानंतरच्या लेखकाच्या हाती तो संतापी आणि हिंसक झाला. मूल तेच, नाव तेच; तीन लेखण्यांनी त्याचे तीन स्वभाव घडविले. साहजिकच वाचकांना तो आवडेनासा झाला.

१९८८ साली प्रकाशकांनी या मुलाला जगवावे की मारावे, यावर दूरध्वनीद्वारे मतदान घेतले. एका मताची किंमत होती ५० सेंट. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जीवनाच्या बाजूने ५,२७१ मते पडली. अवघ्या ७२ मतांच्या फरकाने एक बालपात्र ठार करण्यात आले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे अवघड. पण हे सार्वभौमत्व कितपत खरे होते? जेसनला नावडता बनविणारे निर्णय लेखकांनी आणि संपादकांनी आधीच घेतले होते. ग्राहकाच्या वाट्याला आला तो केवळ शेवटचा शिक्का, आणि त्यासाठीही त्याला पैसे मोजावे लागले. बाजार मागणीप्रमाणे पुरवठा करतो, असे म्हटले जाते. मागणीसुद्धा पुरवठादार घडवीत असतो, हे त्या म्हणण्यात झाकले जाते.

वेताळाचे देशांतर

आता आपल्या किनाऱ्याकडे यावे. ली फॉक यांचा ‘फँटम’ १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ च्या मार्चमध्ये त्याला भारतात आणले, आणि १९९० साली ही माला बंद पडेपर्यंत तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत नांदला. त्याची उत्पत्तिकथा सर्वश्रुत आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक इंग्रज खलाशी पूर्वेकडील किनाऱ्यावर वाहत येतो, वनवासी त्याची शुश्रूषा करतात आणि तो दुष्टांच्या निर्दालनाची शपथ घेतो. त्याचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तोच मुखवटा धारण करून रानावर राज्य करतात.

वसईच्या वाचकाला या सनाकडे निर्विकारपणे पाहता येणार नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. कथेतला गोरा खलाशी काल्पनिक किनाऱ्यावर ज्या दशकात उतरला, त्याच दशकात खरे गोरे दर्यावर्दी या किनाऱ्यावर आपला किल्ला उभारू लागले होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो जिंकेपर्यंत दोनशे वर्षे त्यांचा अंमल राहिला. या दोन शतकांच्या स्मृतीही एकजिनसी नाहीत. मराठी इतिहासाच्या एका परंपरेत ती जुलमाची शतके आहेत. येथील ख्रिस्ती समाजासाठी त्याच शतकांत त्याच्या श्रद्धेचा आरंभ आहे, आणि तो समाज वसईच्याच मातीतली मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला आहे. एकच व्यक्ती किंवा एकच काळ सांगणाऱ्यागणिक सज्जन वा दुर्जन ठरतो, हे वसईकराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

फॉक यांच्या आरंभीच्या कथांत साम्राज्यकाळाची सगळी गृहीतके होती. रान असंस्कृत, तेथील माणसे भोळी किंवा क्रूर, आणि न्याय देणारा मात्र बाहेरून आलेला. परंतु हे फॉक १९९९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, लिहीत राहिले, आणि त्यांनी आपला नायक हळूहळू बदलला. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तसे त्यांच्या काल्पनिक देशातही लोकनियुक्त सरकार आले. लुआगा नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला आणि मुखवटाधारी नायक त्याचा धनी न राहता मित्र झाला. त्याची पत्नी डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. एकाच लेखकाने आपल्याच पात्राच्या नीतीची केलेली ही दुरुस्ती आहे. तिच्यातही बाजाराचा वाटा असणारच, कारण फँटमचे वाचक आता जगभर पसरले होते. तथापि दीर्घायुषी लेखक आपल्या चुका आपल्या हयातीत सुधारू शकतो, ही गोष्ट अशा पात्रांच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

भारतीय संपादकांनी तर त्यात स्वतःची भर घातली. मूळ कथेतले चाचे ‘सिंग’ या नावाचे होते. इंद्रजालने त्यांना ‘सिंगा’ केले. नायकाच्या पित्याचा मारेकरी मूळ कथेत ‘राम’ नावाचा. तो येथे ‘रामालू’ झाला. ‘बंगाल’ची आठवण करून देणारा ‘बंगाला’ हा देश ‘डेंकाली’ झाला. अक्षरांचे हे किरकोळ फेरफार वरवर हास्यास्पद वाटतील. परंतु खलनायकाला आपल्या देशबांधवांचे आणि आपल्या आराध्याचे नाव असू नये, हा त्यामागचा विचार नीतीचाच होता. साखळीतली सर्वांत शेवटची कडी असलेल्या भाषांतरकाराला आणि संपादकालाही नायकाच्या नीतीवर थोडा अधिकार गाजविता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि मराठीत त्याला नाव मिळाले ते ‘वेताळ’. हे नामकरण साधे नव्हते. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. इतरत्र तो भुतांचा अधिपती. ‘वेताळपंचविशी’तला वेताळ प्रेतात शिरून राजा विक्रमाला धर्माधर्माची कोडी घालतो. तो चांगला की वाईट, हे ठरविता येत नाही. तो चांगल्यावाइटाचे प्रश्न विचारतो. परक्या मुखवट्याला हे नाव मिळताच तो मराठी मुलाला अर्धा ओळखीचा झाला. त्याला आपल्या गावकुसाबाहेरच्या राखणदाराचे बळ आणि दरारा लाभला.

खाडीपलीकडचा लेखक

इंद्रजालने १९७६ साली ‘बहादूर’ हा भारतीय नायक निर्माण केला. त्याचे जनक आबिद सुरती हे पुढे मीरा रोडला राहिले, म्हणजे वसईच्या खाडीपलीकडेच. २००७ पासून घरोघर जाऊन गळके नळ विनामूल्य दुरुस्त करविणारे गृहस्थ म्हणून नव्या पिढीने त्यांना ओळखले. बहादूरच्या जन्मकथेतही हाच स्वभाव दिसतो. तो चंबळच्या एका डाकूचा मुलगा. पोलिसांच्या गोळीने बाप मेल्यावर सूड घेण्याचे सोडून तो, ज्या अधिकाऱ्याने बापाला मारले त्याच्याच मार्गदर्शनाखाली, गावकऱ्यांचे नागरी सुरक्षा दल उभारतो. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने १९७२ साली चंबळमधल्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, ती घटना वाचकांच्या मनात ताजी होती. दैवी शक्ती, मुखवटा आणि वंशपरंपरा यांवाचून केवळ मनःपरिवर्तनाच्या बळावर उभा राहिलेला हा नायक होता. पुढे त्याच्या कथा जगजीत उप्पल यांनी लिहिल्या. माला बंद पडली तेव्हा तोही थांबला. कारण त्याला पुढे नेणारी दुसरी भारतीय संस्था नव्हती आणि तो सर्वांच्या मालकीचाही नव्हता. मालकीच्या पात्राचे हे दुहेरी दैव असते. मालक धनाढ्य असेल तर पात्र हवे तसे वळविले जाते, आणि मालकाचा रस संपला तर ते मुके होते.

सामाईक मालमत्तेचे नायक

याच्या तुलनेत मराठी साहित्यातला कर्ण पाहावा. व्यासांच्या महाभारतात कर्ण दानशूर आहे आणि भर सभेत द्रौपदीची विटंबना करा म्हणणाराही तोच आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने त्याला आतून बोलते केले आणि लक्षावधी वाचकांच्या मनात त्याला नायकपद दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी त्याचे मोठेपण आणि त्याचे चुकणे दोन्ही निर्मम दृष्टीने तपासले. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ त्याआधी, १९६२ साली, आले होते. रणजित देसाईंचा ‘राधेय’ त्यानंतर, १९७३ मध्ये, आला. कोणीही कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणाच्याही पुस्तकाने दुसऱ्याचे पुस्तक रद्द ठरविले नाही. चारही पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी राहतात आणि त्यांपैकी कोणता कर्ण आपला मानावयाचा, हे वाचक ठरवितो.

भेद येथे आहे. सामाईक मालमत्तेच्या पात्रात बदल होतात तेव्हा रूपे वाढत जातात. खाजगी मालमत्तेच्या पात्रात बदल होतात तेव्हा शेवटचे रूप आधीच्या रूपाला पुसून टाकते. नवा चित्रपट आला की दप्तरे, डबे आणि जाहिराती सगळ्यांवर नवाच सुपरमॅन येतो, आणि खाणमालकाला धडा शिकविणारा सुपरमॅन संग्राहकांच्या तिजोरीत बंद होतो. मुलाला तुलना करावयास दुसरे रूपच उपलब्ध राहत नाही. नीती बदलणे यात वावगे काही नाही. ती बदलली आहे हेच कळू नये, हे धोक्याचे आहे.

मग योग्य बदल कोणता आणि अयोग्य कोणता, हे ओळखावे कसे? एक कसोटी सुचविता येईल. पात्राच्या मूळ व्रताचा परीघ वाढविणारा बदल स्वागतार्ह मानावा. विक्रीसाठी ते व्रतच सोडून देणारा बदल संशयास्पद मानावा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा सायकलवरून हिंडणारा फुरसुंगीचा शाळकरी पोर. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेवरचा तरुण झाला आणि प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराशी झुंजला. वय बदलले, शत्रूचे आकारमान बदलले. परंतु अन्याय दिसला की गप्प न बसण्याचा त्याचा स्वभाव शाबूत राहिला. फॉकच्या फँटमने राष्ट्राध्यक्ष लुआगाला मान दिला, तेव्हाही व्रत मोडले नाही, विस्तारले. सुपरमॅनने घरमालकांचा नाद सोडला, तेव्हा मात्र व्रताचा एक मोठा तुकडा गळून पडला, आणि तो गळल्याची नोंदही कोणी केली नाही.

वसई-विरारपुढील काम

२०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या शहरात मुलांची संख्या लाखांनी मोजावी लागेल. त्यांचे नायक आज बाहेरून पूर्ण तयार होऊन येतात. त्यांच्या निर्मितीच्या साखळीत इंद्रजालच्या काळी निदान एक मराठी कडी होती; आता पुष्कळदा तीही नसते. हे नायक मुलांना नकोत, असे म्हणणे अरसिकपणाचे आणि निष्फळही ठरेल. मुलांना तुलना करावयास शिकविणे मात्र शक्य आहे, आणि त्यासाठी फार खर्चही नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा होऊन १९६७ पासून अर्धशतक उलटले आहे. ग्रंथालयांनी कादंबऱ्यांच्या प्रती जपल्या. चित्रकथा मात्र रद्दीच्या भावाने गेल्या. वसई, नालासोपारा आणि विरार येथील कित्येक घरांच्या माळ्यांवर जुने इंद्रजाल अंक, किशोरमासिके आणि अमर चित्र कथा अद्याप धूळ खात असतील. ग्रंथालयांनी ती मागून घ्यावीत आणि एका कपाटात कालक्रमाने लावावीत. शिक्षकांनी वर्षातून एखादा तास मुलांपुढे एकाच नायकाची तीन रूपे ठेवावीत आणि विचारावे: हा येथे कोणावर रागावला आहे? तेथे कोणावर? मधल्या काळात तो कोणावर रागवायचा थांबला, आणि त्यात कोणाची सोय झाली?

आणखी एका तारखेकडे मराठी लेखकांनी लक्ष ठेवावे. अमेरिकेतल्या कायद्यानुसार १९३८ च्या पहिल्या सुपरमॅनकथेवरील स्वामित्वहक्क २०३३ च्या अखेरीस संपुष्टात येतात. नावे आणि चिन्हे यांवरचे व्यापारी हक्क वेगळे आहेत, आणि अन्य देशांचे कायदेही वेगळे आहेत. तरीही ते पात्र १३० डॉलरच्या त्या व्यवहारातून सुटण्याच्या मार्गाला लागेल. प्रथम सर्वांचा होईल तो नंतरच्या काळातला गोंडस सुपरमॅन नव्हे, तर १९३८ चाच, निरपराध स्त्रीसाठी अपरात्री दार फोडणारा आणि लाच देणाऱ्या दलालाला घाबरविणारा. वस्ती पाडून घरांची मागणी करणारी त्याची कथाही लवकरच त्याच्यामागून येईल. नालासोपाऱ्यात लहानाची मोठी झालेली एखादी लेखिका त्या वेळी त्याला हाती घेईल काय? घेतला, तर इमारत पाडणाऱ्या यंत्रासमोर तिचा सुपरमॅन नेमका कोणत्या बाजूला उभा राहील, हे ठरविण्याचा अधिकार प्रथमच तिचा असेल. त्या दिवसाची पूर्वतयारी म्हणून तरी आपल्या मुलांनी आपल्या नायकांना प्रश्न विचारण्याची सवय आजपासून लावून घ्यावी. वेताळाच्या नावाने ज्या भाषेने एका परक्या नायकाला आपलेसे केले, त्या भाषेला प्रश्नांचे वावडे असण्याचे कारण नाही.